नोटेशन वाचायला शिकवायचंय? आधी टाळी, मग रेघा

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्याच दिवशी सांगतात की वाजवता थोडंफार येतं पण नोटेशन वाचता येत नाही, आणि मग सोबत आणलेलं पुस्तक उघडलं की त्यात प्रत्येक सुराखाली पेन्सिलने सी, डी, ई, एफ असं लिहून ठेवलेलं असतं. मी स्वतः अशीच शिकले. दोन वर्षं मी सुरांखालची अक्षरं वाचत होते, वरच्या रेघांकडे माझं लक्षच नव्हतं, आणि कोणी न लिहिलेलं पान समोर ठेवलं की पहिल्या ओळीतच अडायचं. म्हणून आता कोणालाही शिकवताना मी दोनच गोष्टींचा आग्रह धरते. कागदावरची खूण दाखवायच्या आधी तो आवाज कानात आणि अंगात असला पाहिजे, आणि सुराखाली अक्षर लिहायचं नाही, कधीच नाही.

हा लेख घरी मुलांना शिकवणाऱ्यांसाठी आहे, मित्राला शिकवणाऱ्यांसाठी आहे आणि एकट्याने शिकणाऱ्या मोठ्यांसाठी पण आहे. पाच रेघांवरचं स्टाफ नोटेशन धरून सगळं लिहितेय. लागणार काय, तर एखादं वाद्य (कीबोर्ड असेल तर उत्तम कारण त्यावर सुरांमधलं अंतर डोळ्यांना दिसतं), पाच रेघांचे कोरे कागद, पेन्सिल आणि फोनवरचं मेट्रोनोमचं, म्हणजे ठरलेल्या वेगाने ठोके देणारं ॲप. रोज १० ते १५ मिनिटं पुरतात. पण रोज हवीत, रविवारी दोन तास बसून ही गोष्ट होत नाही, डोळ्यांना सवय लागायला रोज थोडं थोडं पाहणंच लागतं.

पायरी १: पायात मात्रा, हातात शब्द

पहिले तीन चार दिवस कागद काढूच नका. मेट्रोनोम ६० वर लावा, म्हणजे सेकंदाला एक ठोका, आणि त्याबरोबर जागच्या जागी चाला. पाय स्थिर पडायला लागले की शिकणाऱ्याला पाठ असलेलं कुठलंही सोपं गाणं म्हणत त्याच्या शब्दांवर टाळी वाजवायला सांगा, पाय मात्र तसेच चालू ठेवायचे. इथेच कळतं की गाण्यात दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात, एक सारखा पडणारा ठोका आणि दुसरी त्याच्यावर बसलेली शब्दांची लांबी-आखूडपणा, कुठे एका ठोक्यात दोन अक्षरं, कुठे एकच अक्षर दोन ठोके लांबवलेलं. नोटेशनमध्ये लांबीची जी चिन्हं असतात ती सगळी या दुसऱ्या गोष्टीची आहेत, आणि ठोका तर बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो, तो वाचणाऱ्याने स्वतःच्या आत चालू ठेवायचा असतो. नवशिका अडखळतो त्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हेच, सूर ओळखता न येणं हे त्याच्यानंतर येतं.

पाय आणि हात वेगळे पडत नसतील तर घाई करू नका. मोठ्या माणसांना याला लहान मुलांपेक्षा जास्त वेळ लागतो आणि त्यांना लाजही वाटते, तेव्हा त्यांच्याबरोबर तुम्ही पण चाला.

पायरी २: लांबीच्या खुणा

आता कागद घ्या, पण पाच रेघांचा नको, साधा कोरा. त्यावर भरलेला गोळा आणि त्याला दांडी असं चार वेळा काढा आणि प्रत्येकाला 'टा' म्हणत टाळी वाजवा. हा एका ठोक्याचा सूर. मग दोन दांड्या वरून आडव्या रेघेने जोडलेल्या काढा, त्याला 'टी-टी', एका ठोक्यात दोन. मग पोकळ गोळा दांडीसकट, 'टा-आ', दोन ठोके. आणि नुसता पोकळ गोळा, दांडी नाही, तो चार ठोके. ही टा आणि टी-टी ची पद्धत १९ व्या शतकात फ्रान्समध्ये तयार झाली आणि पुढे हंगेरीतले संगीतकार कोडाय यांच्या शिकवण्याच्या पद्धतीमुळे जगभर पोचली. वापरून बघा, तोंडाने म्हटलेली लांबी डोक्याने मोजलेल्या लांबीपेक्षा लवकर बसते.

नावं नंतर सांगा. वरच्याच क्रमाने क्वार्टर नोट, एट्थ नोट, हाफ नोट, होल नोट. सुरुवातीलाच 'होलचा अर्धा हाफ, हाफचा अर्धा क्वार्टर' असं गणित मांडलं की मुलं अपूर्णांकात अडकतात आणि गाणं बाजूला राहतं. ज्याने आठवडाभर टा आणि टी-टी म्हटलंय त्याला ही नावं पाच मिनिटांत कळतात कारण त्याला गोष्ट माहीत असते, फक्त तिचं नाव नवीन असतं.

रेस्टकडे, म्हणजे शांत राहायच्या खुणेकडे मात्र सगळे दुर्लक्ष करतात. रेस्ट म्हणजे 'काही नाही' असं समजून नवशिके तिथून पटकन पुढे जातात आणि सगळा ताल पुढे सरकतो. म्हणून रेस्ट आली की दोन्ही हात बाजूला उघडायचे, ही पण एक हालचालच आहे आणि तिलाही पूर्ण एक ठोका द्यायचा. शांततेची पण लांबी असते हे हातांना कळायला हवं.

मग उभ्या रेघा, दोन उभ्या रेघांमधला भाग म्हणजे एक बार. ज्यांना ताल माहीत आहे त्यांना सांगा की प्रत्येक उभ्या रेघेनंतरचा पहिला ठोका समेसारखा वजनदार असतो. सुरुवातीला एकावर एक लिहिलेले दोन आकडे असतात, त्यात वरचा आकडा सांगतो की एका बारमध्ये किती ठोके आणि खालचा सांगतो कुठल्या नोटला एक ठोका धरायचा, ४ असेल तर क्वार्टर, ८ असेल तर एट्थ. चारावर चार आणि तीनावर चार एवढंच पहिला महिना पुरे. सहावर आठ शिकवायची वेळ येईल तेव्हा टाळ्यांनीच दाखवा, तीनावर चारमध्ये आणि सहावर आठमध्ये दोन्हीकडे एट्थ सहाच बसतात पण पहिल्यात त्या दोन-दोन-दोन अशा पडतात आणि दुसऱ्यात तीन-तीन, त्यामुळे सहावर आठमध्ये अंगाला दोनच मोठे झोके जाणवतात. कागदावर समजावत बसलात तर हा फरक कोणाला कळत नाही, झुलून दाखवला की लगेच कळतो.

पायरी ३: पाच रेघा एकदम नको, एकीपासून सुरू करा

कागदावर एकच आडवी रेघ काढा. एक सूर गुणगुणा आणि तो रेघेवर लिहा. त्याच्यापेक्षा थोडा वरचा गाऊन रेघेच्या वर लिहा, थोडा खालचा गाऊन खाली. तीन जागा झाल्या. या तीन जागांवर तुम्ही बोट ठेवत जायचं आणि शिकणाऱ्याने गायचं, मग उलट, त्याने बोट ठेवायचं आणि तुम्ही गायचं. दुसऱ्या दिवशी दोन रेघा. तिसऱ्या दिवशी तीन. इथे एक गोष्ट पक्की करून घ्या, सूर रेघेवर पण बसतो आणि दोन रेघांच्या मधल्या जागेत पण बसतो, आणि रेघेवर बसणं म्हणजे गोळ्याच्या मधून रेघ जाणं. अक्षर लिहिण्याच्या सवयीमुळे 'रेघेवर' म्हटलं की नवशिके गोळा रेघेला टेकवून वर काढतात किंवा खाली लोंबकळत, शिरोरेघेसारखा. हा गैरसमज पहिल्याच दिवशी काढून टाकला नाही तर पुढे फार त्रास देतो.

इतिहासातही हे असंच हळूहळू झालंय. रेघा येण्याआधी नुसत्या वर-खाली खुणा असायच्या, ज्याला गाणं आधीच येतं त्यालाच त्या उपयोगी. ११ व्या शतकात इटलीत ग्विदो नावाच्या साधूने रेघांवर आणि मधल्या जागांत सूर मांडायची पद्धत बसवली, त्यात एफची रेघ लाल आणि सीची पिवळी असायची, म्हणजे डोळ्याला पकडायला दोन खुणा. न ऐकलेलं गाणं मुलांना कागदावरून गाता यावं हाच त्यांचा हेतू होता. ती रंगाची युक्ती आजही चालते. मी सुरुवातीच्या कागदांवर एक रेघ रंगीत करून देते आणि दोन तीन आठवड्यांनी साध्या कागदावर आणते.

पायरी ४: क्लेफ आणि खुणेचे सूर

ओळीच्या सुरुवातीचं ते वळणावळणाचं चिन्ह, ट्रेबल क्लेफ, ते मुळात जी या अक्षराचंच सजवलेलं रूप आहे. त्याचं पोटातलं वळण खालून दुसऱ्या रेघेभोवती फिरतं आणि सांगतं की ही रेघ जी. खालच्या सुरांसाठीचा बास क्लेफ तसाच एफपासून आलाय, त्याचे दोन ठिपके ज्या रेघेच्या वर-खाली असतात ती एफची, खालून चौथी. हे कळलं की क्लेफ पाठ करायची गोष्ट राहत नाही, तो बोट दाखवून जागा सांगतोय एवढंच.

बहुतेक पुस्तकं इथे रेघांची आणि जागांची नावं लक्षात ठेवायला वाक्यं देतात, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर म्हणजे एक सूर. मला ती पद्धत पटत नाही. सूर आला की वाक्य पहिल्यापासून म्हणत त्या रेघेपर्यंत पोचायचं, तोपर्यंत गाणं पुढे गेलेलं असतं. त्यापेक्षा तीनच सूर पक्के करा. मधला सी, जो पाच रेघांच्या खाली छोट्या जादा रेघेवर बसतो. दुसऱ्या रेघेवरचा जी. आणि तिसऱ्या मोकळ्या जागेतला वरचा सी. बाकी बहुतेक सूर या तिघांपैकी जवळच्याच्या एक किंवा दोन घरं वर-खाली असतात. हे तीन दिसताक्षणी, विचार न करता, बोट बरोबर जागी गेलं पाहिजे. कीबोर्डवर सी शोधायला सांगा काळ्या पट्ट्यांच्या दोनच्या जोडीवरून, जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे सी.

गिटारवाल्यांना एक गोष्ट सांगायची राहते नेहमी, गिटारचं नोटेशन प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक सप्तक वर लिहिलेलं असतं. पियानोबरोबर वाजवताना जुळत नाही असं वाटलं तर हे कारण असतं.

पायरी ५: सूर सुटे वाचू नका, अंतर वाचा

माझ्यासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. चांगलं वाचणारा माणूस प्रत्येक सुराचं नाव मनात घेत नाही, तो बघतो की मागच्या सुरापासून हा कुठे गेला, तिथेच राहिला, शेजारी गेला, की एक घर सोडून उडी मारली. रेघेवरून लगेचच्या जागेत म्हणजे शेजारचा सूर, सेकंड. रेघेवरून पुढच्या रेघेवर किंवा जागेतून पुढच्या जागेत म्हणजे मधला एक सोडला, थर्ड. मधली एक रेघ सोडून तिच्या पुढच्या रेघेवर म्हणजे फिफ्थ. मोजताना निघालेला आणि पोचलेला असे दोन्ही सूर मोजायचे, सी ते ई म्हणजे सी, डी, ई, तीन, म्हणून थर्ड. डोळ्यासाठी एक सोपी खूण आहे, तीन, पाच, सात अशा विषम अंतरात रेघेवरून रेघेवरच किंवा जागेतून जागेतच जातो, आणि दोन, चार, सहा, आठ अशा सम अंतरात रेघेवरून जागेत किंवा जागेतून रेघेवर.

एक छोटी चाल घेऊन बघू, चारावर चार, चार बार. पहिला बार सी, डी, ई, ई, सगळे एकेक ठोक्याचे. दुसरा डी, डी आणि दोन ठोक्यांचा सी. तिसरा ई, एफ आणि दोन ठोक्यांचा जी. चौथा ई, डी आणि दोन ठोक्यांचा सी. हे कागदावर लिहून घ्या आणि मग वाजवायच्या आधी शिकणाऱ्याला विचारा, कुठले बार तालात सारखे आहेत? दुसरा, तिसरा, चौथा, तिन्ही 'टा टा टा-आ'. म्हणजे चार बारमध्ये तालाच्या दोनच गोष्टी शिकायच्यात. उड्या किती? दोनच, दुसऱ्या बारच्या सीवरून तिसऱ्याच्या ईवर वर जाताना आणि जीवरून चौथ्याच्या ईवर खाली येताना. बाकी सगळं शेजारी-शेजारी नाहीतर तोच सूर परत. हे पाहून झालं की आधी फक्त टाळीने ताल, मग बोटाने हवेत वर-खाली आकार काढत गुणगुणणं, आणि तिसऱ्या वेळेला वाद्य. तेरा सुटे सूर वाचण्याऐवजी एक आकार वाचला जातो, आणि नवशिक्याच्या चेहऱ्यावर जे येतं ना तेव्हा, त्यासाठी मी इतकी वर्षं शिकवतेय.

पायरी ६: काळ्या पट्ट्या, आणि सा म्हणजे सी नव्हे

सारेगम माहीत असलेल्यांचा इथे हमखास घोळ होतो म्हणून स्पष्टच सांगते. सी म्हणजे सा नाही. सा आपण आपल्या गळ्याप्रमाणे कुठेही लावतो आणि बाकीचे सूर त्याच्यापासून मोजतो. सी मात्र जागेवर पक्का आहे, जसा मधल्या सीच्या वरचा ए हा ४४० हर्ट्झ असं आंतरराष्ट्रीय मानकात ठरलंय. पण सारेगम येत असेल तर ती मोठी मदत आहे, सोडून देऊ नका. सगळे शुद्ध स्वर म्हणजे मेजर स्केल. ग आणि म मध्ये, आणि नी आणि वरच्या सा मध्ये अंतर अर्धं असतं, बाकी सगळीकडे पूर्ण. कीबोर्डवर ई-एफ आणि बी-सी यांच्यामध्ये काळी पट्टी नाही, तेच ते अर्धं अंतर, म्हणून सीला सा धरलं की नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर सारेगम बसतं.

आता शिकणाऱ्याला जीला सा धरून पांढऱ्या पट्ट्यांवरून वर जायला सांगा, काही समजावू नका. तो एफवर थांबेल. कान सांगेल की नी खाली पडतोय. त्याला स्वतःला शोधू द्या, एफच्या उजवीकडची काळी पट्टी लावली की बरोबर होतं. ती एफ शार्प, म्हणजे अर्ध्या अंतराने चढलेला एफ. तसंच एफपासून निघाला तर चौथा सूर वर चढलेला वाटेल, तिथे बीच्या डावीकडची काळी पट्टी, बी फ्लॅट, म्हणजे अर्ध्या अंतराने उतरलेला बी. ओळीच्या सुरुवातीला क्लेफच्या पुढे जी शार्प-फ्लॅटची चिन्हं असतात, की सिग्नेचर, ती याचसाठी, की दरवेळी लिहायला नको. ती सगळ्या सप्तकांतल्या त्या सुराला लागू असतात. मध्येच एखाद्या सुराच्या आधी चिन्ह आलं तर ते त्या जागेवरच्या सुराला आणि फक्त तो बार संपेपर्यंत.

टिंब दिलेला सूर पण याच सुमारास येतो. क्वार्टरपुढे टिंब म्हणजे त्याच्या अर्ध्याने लांब, दीड ठोका. आधी क्वार्टर आणि एट्थ कमानीने जोडून लिहून दाखवा, टा आणि पुढच्या टी-टी मधली पहिली टी एकत्र गायची, मग सांगा की टिंब हे त्याचंच छोटं रूप आहे.

पायरी ७: न थांबता वाचणं

आत्तापर्यंतचं सगळं समजणं होतं, वाचणं इथून पुढे. रोज एक न पाहिलेली छोटी ओळ घ्या, शिकणारा जे वाजवू शकतो त्याच्यापेक्षा बरीच सोपी. एक मिनिट नुसतं बघायचं, किती ठोके, कुठली चिन्हं, उड्या कुठे, कुठला बार परत आलाय. मग सगळ्यात अवघड बार पाहून त्याला झेपेल एवढाच वेग धरायचा, आणि एकदा सुरू केलं की थांबायचं नाही. चुकलं तर चुकलं, मागे जाऊन दुरुस्त करायचं नाही, ठोका चालू आणि पुढच्या बारवर उडी. हे फार कठीण जातं लोकांना, चूक तशीच सोडून पुढे जाणं, विशेषतः मोठ्यांना. पण मागे वळायची सवय एकदा लागली की ती मोडायला महिने जातात. मी एका जाड कागदाने वाजवून झालेला भाग झाकत जाते, आत्ता वाजतोय तो बार पण अर्धा झाकते, त्यामुळे डोळे आपोआप पुढे पळतात.

ज्यांचा कान तेज असतो त्यांची वेगळीच अडचण. ते दोनदा ऐकून पाठ करतात आणि कागदाकडे बघण्याचं नाटक छान करतात, खास करून मुलं. ओळखायचा उपाय सोपा आहे, तिसऱ्या बारपासून सुरू कर म्हणा. अडला तर समजा की वाचत नव्हता. अशांसाठी मी चुकीचा खेळ खेळते, मी वाजवते आणि मुद्दाम एक सूर बदलते, शिकणाऱ्याने कागदावर बोट फिरवत फिरवत जिथे चुकलं तिथे 'थांब' म्हणायचं. मुलं यासाठी परत परत मागे लागतात आणि त्यांना पत्ताही नसतो की ती किती बारकाईने वाचतायत.

आणि लिहायला लावा. रोज दोन बार, स्वतःच्या मनातले. लिहून झालं की स्वतःच वाजवून बघायचं, मनात होतं तसंच वाजलं का? इथे चुका स्वतःच्या स्वतःला दिसतात. म्यूझस्कोर हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात लिहिलेलं वाजवूनही दाखवतं, पण सुरुवातीचे दोन महिने हातानेच लिहू द्या. वाचनासाठी नवीन मजकूर हवा असेल तर आयएमएसएलपी या वेबसाइटवर कॉपीराइट संपलेल्या रचना ढिगाने मिळतात, त्यात मुलांसाठीचे सोपे तुकडे शोधा.

बास क्लेफ कधी? पियानोवाल्यांना दुसऱ्याच आठवड्यात, उशीर केला तर डावा हात कायम मागे राहतो. तिथेही तेच करायचं, चौथ्या रेघेवरचा एफ, दुसऱ्या जागेतला सी आणि पाच रेघांच्या वर जादा रेघेवरचा मधला सी, हे तीन पक्के आणि बाकी सगळं अंतराने. ट्रेबलमधून 'दोन घरं सरकवून' वाचायला शिकवू नका, अंतर वाचायची सवय लागलेल्याला त्याची गरजच पडत नाही.

शिकणारा खरंच वाचायला लागलाय की नाही हे बघायचं असेल तर त्याला वाद्यापासून लांब बसवा, चार बारची न पाहिलेली ओळ हातात द्या, पहिला सूर तुम्ही वाजवून द्या आणि म्हणा, आता गाऊन दाखव. सूर थोडे हलले तरी चालेल. आकार बरोबर आला आणि ठोका तुटला नाही, की त्याच्या जुन्या पुस्तकातली ती पेन्सिलची अक्षरं त्यालाच खोडायला द्या.